शिवेअलीकडचं लायसन

खालापूर,
१३ फेब्रुवारी १९७९

चि. हरी,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी. काल कोर्टाच्या मागच्या दाराने निघून एस.टी. स्टँड गाठलास. बहिणीच्या दारात पाय ठेवायची लाज वाटली असेल. वाटायलाच हवी. समोर असतास तर मला बोलता आलं नसतं, रडूच आलं असतं, म्हणून लिहिते आहे.

काय घडलं ते आठवत नाही, असं तू साहेबांना सांगितलंस. मग मीच सांगते. लग्नघरी हळदीचा मांडव घातलास, पोटात घालू नये ते घातलंस, आणि टेंपो मोरीवरून थेट मालोजी पाटलांच्या वालाच्या शेतात नेऊन उभा केलास. शेतात माणूस नव्हतं हे तुझं नशीब. पोलीस आले तेव्हा तू बांधावर बसून त्यांनाच विचारत होतास, नवरी कुठल्या गावची म्हणून. हे वाचून दाखवलं तेव्हा सगळं कोर्ट हसलं. मी मान खाली घालून बसले होते.

साहेब तुला आत टाकायच्याच विचारात होते. तेव्हा हे उभे राहिले आणि म्हणाले, "माझा मेहुणा सहा महिने चाकाला हात लावणार नाही, ही जबाबदारी माझी." म्हणून दंडावर आणि सहा महिने लायसन निलंबित होण्यावर सुटलास. इतक्या वर्षांच्या वकिलीत ह्यांनी कुठल्या अशिलासाठी स्वतःचा शब्द टाकला नव्हता. घरी येऊन हातपाय धुताना मला विचारलं, "मालती, हरी पाळेल ना?" मी लगेच हो म्हटलं.

आता नीट ऐक. तुझ्याकडे मांडव बांधणारा गजा आहे. त्याच्याकडे लायसन आहे, तो पीत नाही आणि डोकं ठिकाणावर ठेवतो. त्याला चालवू दे. तू बाजूला बस, बांबू मोज, भांडी मोज, काहीही कर. पुन्हा धरला गेलास तर तुरुंगात जाशील. आणि ह्यांचा शब्द खोटा पडला, तर या घरात मला माहेरचं नाव काढायला तोंड राहणार नाही. तुला बाकी काही कळत नसेल तर एवढं कळू दे.

सुचेताला सांभाळ. तुझ्याशी लग्न केलं, याखेरीज तिने काय पाप केलंय?

आता आशीर्वाद.
तुझी ताई


कर्जत,
२१ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि सुचेताने एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिने वाचलेलं जास्त लागलं.

तुझं सगळं खरं. पण ताई, तू शाळेत शिकवतेस. तुला कोणी फळा पुसून झाल्यावर पेला देत नाही. आमच्या धंद्यात मांडवाचा शेवटचा दोर आवळला की पहिला पेला मांडववाल्याचा. नको म्हटलं की घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहते, "मांडव घालनारा कोरडा ग्येला तं मांडव उडतो रं." खरंच वारा सुटून कापड फाटलं तर पुढची पाच लग्नं हातची जातात. मी सांगतोय ते कारण आहे, सबब नाही. सोडली आता. सुचेताच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. हल्ली पेला पुढे आला की मी पोटाला हात लावून डॉक्टरचं नाव सांगतो. लोक हळहळतात आणि जेवायला दोन वाढीव माणसांचं देतात.

गाडी गजा चालवतो. त्याच्या शेजारी बसणं हीच शिक्षा आहे. काल म्हशींचा कळप आम्हाला मागे टाकून गेला. मी म्हटलं, अरे जरा दाब. तर म्हणतो, "गाडी पलाया नाय, पोचाया असते मालक." सहा महिने हे ऐकायचं आहे.

गोपाळरावांना माझा नमस्कार सांग. त्यांचा शब्द माझ्या डोक्यावर आहे.

तुझा
हरी


खालापूर,
३ एप्रिल

चि. हरी,

आशीर्वाद. आज तुला चांगलं म्हणायला बसले आहे, तेव्हा पत्र जपून ठेव.

परवा इथल्या एका लग्नाचा तुझा मांडव बैलगाड्यांतून आला. बांबू, पातेली, कर्णा, सगळं. गावात हसू झालं. पोरं गाड्यांमागे "मांडव चालला, मांडव चालला" करत धावली. नवरीचा मामा जरा फणफणला की आम्ही टेंपो ठरवला होता. पण मला बरं वाटलं. टेंपो वाटेत बिघडला असणार आणि गजा नसणार, हे मी ताडलं. पूर्वीचा हरी असता तर कुठूनतरी दुसरी गाडी आणून स्वतःच हाकली असती. तू तसं न करता बैलगाड्या केल्यास. ह्यांना मी हे मुद्दाम जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "सुधारला म्हणायचा." हे सहसा कोणाला असं म्हणत नाहीत.

टेंपोला काय झालंय ते कळव. इथे एक चांगला मिस्त्री आहे, ह्यांच्या ओळखीचा. गियरचं असेल तर तो बघेल.

तुझी ताई


कर्जत,
९ एप्रिल

ती. ताई,

नमस्कार. टेंपोला काही झालेलं नाही. मिस्त्री नको.

तुला खरं ते सांगतो, कारण यात लपवण्यासारखं काही नाही. एकाच तिथीला दोन-दोन लग्नं येतात. गजा एका गावात मांडव बांधतो, तेव्हा दुसऱ्या गावाला सामान कोण नेणार? त्याच्यासारखा बांबू रोवणारा दुसरा नाही, त्यामुळे त्याला चाकावर अडकवून ठेवता येत नाही. मग मी विचार केला. लायसन कोणी अडकवलं? खालापूरच्या कोर्टाने. मी राहतो कर्जत तालुक्यात. म्हणून मी गाडी तालुक्याच्या शिवेपर्यंतच चालवतो. शीव आली की थांबतो. तिथून पुढे खालापूरच्या हद्दीत सामान बैलगाड्यांनी जातं. गाडीचं एक चाकसुद्धा मी पलीकडे टाकलेलं नाही.

हे माझं एकट्याचं डोकं नाही. कोंडाजी म्हणून आहेत, तहसील कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले. त्यांनी कितीतरी मामलेदार पाहिले. ते म्हणाले, "हरीशेट, खालापूरच्या कारडावर कर्जतीत साखर मिलते का? नाय. तिकडचा तलाठी इकडं सातबारा देतो का? नाय. मंग तिकडच्या सायबानं घेतलेलं लायसन इकडं कसं अडंल?" तूच सांग, यात चूक कुठे आहे? इथे सगळ्यांचं असंच मत आहे.

गोपाळरावांचा शब्द खालापूरच्या कोर्टात दिलेला आहे आणि तो खालापुरात मी पाळतो आहे. दारूचा थेंब नाही.

तुझा
हरी


खालापूर,
११ एप्रिल

हरी,

पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. आधी हे हसले. मग हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

अरे, लायसन म्हणजे काय रेशनची साखर आहे? निलंबित म्हणजे निलंबित. कर्जतला, खालापूरला, मुंबईला, काशीला गेलास तरी तुला गाडी चालवता येत नाही. उद्या तुला इथे ताप आला तर शीव ओलांडल्यावर उतरतो का? शिपायाने मामलेदार पाहिले म्हणून तो मामलेदार होत नाही. तुझ्या दाराबाहेर पडून कोणाही वकिलाला विचारलं असतंस तर दोन वाक्यांत उत्तर मिळालं असतं. पण विचारायचंच नव्हतं, कारण उत्तर ठाऊक होतं. मला लिहितानासुद्धा ठाऊक होतं, नाहीतर "लपवण्यासारखं काही नाही" हे लिहावं लागलं नसतं.

आणि मी वेडी. बैलगाड्या पाहून कौतुक करत बसले.

दारू प्यायलेला हरी एका रात्री चुकला. त्याला मी माफ केलं. पण हा शुद्धीतला हरी सकाळी उठून, अंघोळ करून, देवाला नमस्कार करून रोज चुकतो आहे. याला काय म्हणू ते सांग. माझा जीव वैतागला आहे.

चावी गजाला दे. उलट टपाली "दिली" एवढंच लिही. बाकीचं शहाणपण नको.

मालती


कर्जत,
१६ एप्रिल

ती. ताई,

दिली.

हरी


कर्जत,
१६ मे

ती. ताई,

नमस्कार. बरेच दिवस लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. कानावर येण्याआधी मीच कळवतो, घाबरू नकोस.

तेरा तारखेला दुपारी कळंबच्या अलीकडे वळणावर आपल्या टेंपोला अपघात झाला. एक वासरू अचानक झाडीतून रस्त्यात आलं. त्याला वाचवायला गजाने गाडी डावीकडे घेतली. तिथे चिंधीबाई म्हणून कळंबच्याच आहेत, त्या कडेला वाळत घातलेले वाल गोळा करत होत्या. त्यांना धक्का बसला. पाय मांडीत मोडला आहे. त्याच टेंपोतून लगेच दवाखान्यात नेलं. जिवाला धोका नाही, पण त्या वेळचं त्यांना काही आठवत नाही. रस्त्याला दुसरं कोणी नव्हतं.

गजाने कर्जतला पोलिसांत जबाब दिला आहे. त्याच्याकडे लायसन आहे, तो प्यायलेला नव्हता, तेव्हा फार काही होणार नाही. विम्याचे लोक चिंधीबाईंचं बघतील. अकरा जूनला सोमवारी इथल्या कोर्टात तारीख आहे. गोपाळराव गजासाठी उभे राहतील का, एवढं विचार. गरीब माणूस आहे.

माझ्यावर काही नाही, काळजी नको.

तुझा
हरी


खालापूर,
२१ मे

हरी,

तेरा तारखेला दुपारी मी इथून जवळच सदू पाटलांकडे लग्नाला होते. नवरी माझी विद्यार्थिनी. मांडव तुझा होता, आणि तो पुन्हा बैलगाड्यांतून आलेला पाहिला तेव्हाच मला शंका आली होती. पण लग्नघरात कोणाला काय विचारणार? अक्षता पडल्या आणि वारा सुटला. कापड फुगलं. शिडी लावून वर कोण चढलं माहीत आहे? गजा. मी खालून म्हटलं, अरे, सांभाळ. तो वरून म्हणाला, "बाई, तुमी बिनघोर ज्येवा, मी हाय." नंतर माझ्यासमोरच्या पंगतीत बसून जेवला. मी त्याला आग्रहाने भात वाढायला लावला.

तोच गजा त्याच दुपारी कळंबच्या वळणावर टेंपो चालवत होता म्हणे.

काल त्याची बायको हिरू आली होती. कळंबहून दोन एस.टी. बदलून आली. ओट्यावर बसली, पाणी नको म्हणाली. मग बोलली, ते तसंच लिहिते. "बाई, मालक म्हनले, गजा, तुज्याकडं लायसन हाय, तुला काय व्हनार नाय, मी मातर आत जाईन. ह्यो व्हय म्हनाला. ह्यो कोनालाच नाय म्हनत नाय, त्योच तर तरास हाय. पन चिंधी आमच्या आळीची. तिची पोरं आन् माजी पोरं एका शालंत जातात. ती माज्या पोरांना म्हनतात, तुमच्या बापानं आमच्या आयला उडिवली. ह्यो घराभायेर निगत नाय. वीस वरसं झाली गाडी धरून, ह्याच्या चाकाखाली कोंबडी नाय आली बाई." रडली नाही. तिला राग आला होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मला कळत होतं.

तू मला "दिली" असं लिहिलंस. एका शब्दात खोटं बोललास.

अकरा तारखेच्या आत पोलिसांत जाऊन खरं सांग. नाहीतर मी कर्जतला येऊन साक्षीला उभी राहीन. गजा कुठे होता ते मी पाहिलं आहे. हे मी ह्यांना विचारून लिहीत नाही.

मालती


कर्जत,
२७ मे

ताई,

तू मला सुळावर द्यायला निघाली आहेस, तर माझंही ऐक.

चावी दिली होती. आठ दिवस होती त्याच्याकडे. मग वैशाखातल्या तिथ्या आल्या, रोज दोन लग्नं. नाही म्हणालो असतो तर दुसरा मांडववाला टपलेलाच होता. मी थेंब घेतला नव्हता. वेगात नव्हतो. वासरू तुझ्यासमोर आलं असतं तर तूही हेच केलं असतंस. त्या दिवशी माझ्याकडे लायसन असतं तर हा नुसता अपघात होता. फक्त एक कागद नाही म्हणून मी गुन्हेगार.

आता खरं सांगितलं तर काय होईल? मी आत जाईन. लायसन नसलेल्याने गाडी चालवली म्हणून विम्याचे लोक हात वर करतील. चिंधीबाईंना काही मिळणार नाही. गोपाळरावांची नाचक्की होईल. सुचेता एकटी पडेल. आणि गजाने निभावून नेलं तर त्याला थोडा दंड होईल, तो मी भरीन. चिंधीबाईंचा पाय नीट होईल आणि सगळे आपापल्या घरी. तुझ्या खऱ्याने कोणाचं भलं होतंय? एकाचं नाव सांग.

पोरं पोरांना बोलतात, चार दिवसांत विसरतात.

तरीही तू साक्षीला उभी राहिलीस, तर तुला भाऊ नाही असं समज. भाऊबीजेला वाट बघू नकोस.

हरी


खालापूर,
३ जून

हरी,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर रडले. संध्याकाळी उठून तांदूळ निवडले, आणि मग लिहायला बसले.

एकाचं नाव सांग म्हणालास. गजा. तुला तो आठवलाच नाही. दंड तू भरशील, पण कळंबच्या आळीत मान खाली घालून चालेल तो. ज्याच्या चाकाखाली कोंबडी आली नाही, त्याच्या नावावर शेजारणीचा पाय. हे तू कशाने भरणार? चिंधीबाईंना विमा देणार नसेल तर तू दे. टेंपो वीक. मांडव बैलगाड्यांनी जातो हे तू सगळ्या तालुक्याला दाखवलंच आहेस.

आणि ह्यांच्या नाचक्कीची काळजी आता करू नकोस. मी ह्यांना सगळं सांगितलं. हे दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले, काम सुरू व्हायच्या आधी उभे राहिले आणि म्हणाले, "फेब्रुवारीत मी या कोर्टाला एक शब्द दिला होता. तो पाळला गेला नाही. मला माफ करावं." सगळे वकील बसले होते. जे फेब्रुवारीत हसले होते ते आता हसले नाहीत, ते ह्यांना जास्त लागलं. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्या माहेराबद्दल यापुढे या घरात विषय नको." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

म्हणजे तू मला भाऊ नाही असं लिहिलंस, आणि इकडे माहेर नाही असं ठरलं. दोन्हीकडून मोकळी झाले. आता मला कोणाला घाबरायचं कारण उरलं नाही.

अकराला, सोमवारी, पहिल्या गाडीने येते आहे. हिरूला निरोप पाठवला आहे. तुला अजून आठवडा आहे. माझ्या तोंडून तुझं नाव यावं असं मला वाटत नाही रे. तूच घे.

तुझी (मी अजून तुझीच म्हणते आहे)
ताई


कर्जत, सबजेल,
१९ जून

ती. ताई,

नमस्कार. पत्र आधी जेलर वाचतात, म्हणून उशीर. त्यांनाही माझा नमस्कार.

कोर्टात तू बाकावर बसली होतीस, मांडीवर छत्री, शेजारी हिरू. मी मागे उभा होतो. आठवडाभर रोज पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन परत येत होतो. तुला वाटलं असेल मी येणारच नाही. पुकारा झाला, गजा पिंजऱ्याकडे निघाला, आणि तू उठलीस. तू उठलीस म्हणून मला पुढे येऊन गाडी मीच चालवत होतो असं सांगावं लागलं, हे खरं सांगतो. स्वतःहून पुढे आलो असतो की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तू पाणी प्यायला बाहेर गेलीस, तेव्हाचं तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

साहेबांनी विचारलं, "प्यायला होतात?" मी म्हटलं, नाही. "शुद्धीत होतात?" हो. "लायसन निलंबित आहे हे माहीत होतं?" मी शिवेचं सांगायला तोंड उघडलं. समोर कोंडाजी बसले होते, ते जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, हो, माहीत होतं. "मग का चालवलीत?"

ताई, फेब्रुवारीत मला आठवत नाही म्हणून सांगता आलं होतं. सगळं दारूवर ढकलून मी मोकळा झालो होतो. या वेळी मला वासराचे कानसुद्धा आठवत होते. ढकलायला कोणीच नव्हतं. मी म्हटलं, चालवली, साहेब. साहेबांनी लिहायला घेतलं.

दोन महिन्यांची शिक्षा झाली आहे, आणि लायसन आणखी वर्षभर नाही. गजाला समज देऊन सोडलं. टेंपो विकायला सुचेताला सांगितलं आहे, ते पैसे चिंधीबाईंच्या घरी जातील. गजा दर दोन दिवसांनी भाकरी घेऊन येतो. मी त्याच्याकडे बघू शकत नाही.

तुला भाऊ नाही असं मी लिहिलं होतं. आहे, ताई. फक्त घरी नाही. सुचेता एकटी आहे. श्रावणात तिच्याजवळ चार दिवस राहायला ये. गोपाळरावांकडे माझ्यासाठी काही मागू नकोस. माहेरी जाऊ का, एवढं तुझ्यासाठी विचार.

तुझा
हरी